चार वर्षांचे व्हा आणि रावेरला उतरा

या प्रवासाचे नियम दोनच. गावाचं नाव नीट सांगायचं, नुसतं रावेर. चुकून रावेरखेडी म्हणालात तर नर्मदेकाठी थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी जाऊन उभे राहाल आणि अख्खा सातपुडा ओलांडून परत यावं लागेल. दुसरं, वर्ष कुठलंही मागा, उतरताना वय चारच. अक्कल आजची राहील, उंची तेव्हाची. तुम्ही लहान मुलांसाठी गाणी करता, लॅपटॉपवर ढोलकी लावता, त्यावर नाचणारा ससा काढून घेता. एकदा हे सगळं खालून बघून या.

1971 मागा. भाद्रपदातली पौर्णिमा होऊन आठवडा उलटलाय, दिवेलागण झाली आहे. स्टेशनाकडून मालगाडीची शिट्टी येते. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती याच वाटेनं, भुसावळ-खंडवा करत. आता त्या रुळांवरून इथली केळी दिल्लीला जातात. पण चार वर्षांच्या माणसाला दिल्ली नसते. त्याला समोर फक्त गुडघे असतात. ओसरीवर परकरांतले इतके गुडघे जमलेत की मोजता येत नाहीत, आणि प्रत्येकीच्या हातात दोन टिपऱ्या आहेत.

"त्याले कायले नेती वं? तठी झोपीन तो," आई आतून म्हणते.

"नाही झोपत. खाऊ वयखाचा हाये म्हनलं का टक्क जागा राहते," बहीण म्हणते. ती नऊ वर्षांची आहे. तुम्हाला उचलून ती एका बाजूला वाकडी होते, कडेवर बसवते आणि निघते. रस्त्यावर अंधार आहे. कृष्णपक्ष चालू आहे, पितृपक्षच. मोठ्यांनी शुभकार्यं बंद ठेवली आहेत, आणि या पोरींचा महिनाभराचा उत्सव नेमका त्यातच सुरू झालाय. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पोरींचं पंचांग वेगळं.

गुलाबाई देवळीत बसली आहे. मातीची, रंग अजून कोरा, मांडीवर बाळ. शेजारी फेटा बांधलेले गुलोजीराव. पार्वती-शंकरच हे, पण इथे त्यांचा थाट देवाचा कमी आणि पाहुण्यांचा जास्त. लेक माहेरी आली आहे, सोबत जावईही आलेत. भाद्रपद पौर्णिमेला येतात, कोजागरीला जातात. जळगावकडे आणि वऱ्हाडात हिलाच भुलाबाई म्हणतात. पुण्याकडच्या पोरी नवरात्रात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, तो भोंडला. गुलाबाईला हत्ती लागत नाही. भिंतीला टेकून बसायला जागा आणि टिपऱ्या असल्या की झालं.

टिपऱ्या सुरू होतात आणि तुमच्या बहिणीचं कंबरडंही सुरू होतं. तिच्या हातात आज टिपऱ्या नाहीत, तुम्ही आहात, म्हणून ती तालावर तुम्हालाच हलवते. हे लक्षात ठेवा, कारण मोठे झाल्यावर याचा अभ्यास वाचाल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा महिन्यांच्या बाळांना गाण्याच्या तालावर वर-खाली हलवलं. समोर एक बाई उभी. काही बाळांसमोर ती त्यांच्याच तालात हलली, काहींसमोर बेताल. मग तिच्या हातून एखादी वस्तू पडली, म्हणजे तिनं ती पाडली. जिच्याबरोबर आपण एका तालात हललो तिला ती वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त पुढे आली. तुमच्या बहिणीला हे माहीत असायचं कारण नाही. तिला एवढंच माहीत आहे की हलवलं की भाऊ रडत नाही.

पहिलं गाणं मोजणीचं. एकेका कडव्याला पूजेचा आकडा एकानं पुढे सरकतो, बाकी सगळं तेच. तुम्ही आजच्या अकलेनं म्हणाल, किती रटाळ. पण चार वर्षांच्या डोक्यानं ऐका. तिसऱ्या कडव्याला तुम्हाला कळतं की चौथं येणार, आणि चौथं खरंच येतं! जगात फार कमी गोष्टी तुमच्या अंदाजाप्रमाणे घडतात. हे गाणं घडतं. पाचव्याला तुम्ही बहिणीच्या खांद्यावरून आकडा मोठ्यानं ओरडता, अर्धा ठोका आधीच. पोरी हसतात, कुणी रागवत नाही.

मग सासरची गाणी. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव. बी लावलं. आता वेल येऊ दे. वेल आला. आता फूल, मग कारलं, मग भाजी, आणि माहेर दर कडव्याला एक पाऊल लांब. नऊ-दहा वर्षांच्या पोरी हे खदाखदा हसत गातात. दारात उभी असलेली एक नवी सून हसत नाही, पण तुमच्या उंचीवरून तिचं तोंड दिसत नाही. तुम्हाला दिसतंय ते वेगळंच. यात तुमच्याजोगं काम आहे. बी झालं, वेल झाला, आता काय? प्रत्येक कडव्याच्या शेवटी पोरी टिपरी किंचित उशिरा मारतात, आणि त्या उशिरात लहानग्यांनी पुढचा शब्द फेकायचा. कुणी शिकवलेलं नाही, पण सगळ्या हीच खोड पाळतात. पोरींना मागे बसलेली बारकी पोरं उपद्व्यापी वाटतात, त्यांना काहीतरी कामाला लावलं नाही तर ती गुलाबाईच्या बाळाला हात लावतील.

आरती उरकते आणि रात्रीचा खरा खेळ येतो. घरची बाई आतून डबा आणते. झाकण घट्ट, वर फडकं बांधलेलं.

"वयखा!"

डबा हलवला जातो. सगळ्या गप्प होतात. रावेरात एवढी शांतता दुसऱ्या कशानं होत नसावी. डब्यातून सरसर आवाज येतो, कोरडा, हलका. "मुरमुरे!" नाही. मुरमुरे याहून पोकळ वाजतात. "फुटाने!" नाही, फुटाणे डब्याच्या तळाशी कडकड करतात. "गोड का तिखट?" "तिखट." आवाज पुन्हा. आता कान अजून टोकदार होतात. एकीला त्या सरसरीत मधूनच जाड ठोका ऐकू येतो. शेव, आणि तिच्यात शेंगदाणे. ओळखलं.

शेजारच्या घरी डबा वाजतच नाही. कितीही हलवा, नुसतं थुप. लाडू? भजे? शिरा? एकेक नाव पडतं. मुली हरतात आणि बाई विजयानं झाकण उघडते. आत केळी! रावेरच्या पोरींना केळी ओळखता आली नाहीत, म्हणून पुढची गल्ली येईपर्यंत त्या एकमेकींना दोष देतात. घरात केळी कायमच, ती खाऊ म्हणून कोण ठेवेल, हाच त्या बाईचा डाव होता.

तुम्ही लॅपटॉपवर जे वाद्य 'शेकर' म्हणून निवडता ते हेच. फरक इतकाच की इथे ऐकणाऱ्याला ऐकण्याचं बक्षीस मिळतं, आणि ते खाता येतं. मुलांना सूर-ताल-नाद शिकवणारे बरेच अभ्यासक्रम मी चाळले आहेत. आवाजावरून वस्तू ओळखा, हा धडा बहुतेकांत असतोच. एकातही शेव नाही.

आता हे सगळं केलं कुणी, ते बघा. मूर्ती कुंभारानं केली. खाऊ आयांनी केला. पण गाणी ठरवणं, घरांचा क्रम लावणं, कुणाचा आवाज चढा आहे तिला पुढे बसवणं, भांडणं, तह, नव्या पोरीला टिपरी शिकवणं, बारक्यांना गप्प बसवणं, हे सगळं सात ते बारा वयाच्या मुलींच्या हातात. लहान मुलांचे कलाकार त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतात. पन्नास वर्षांनी मोठा माणूस लहानांसाठी लिहितो तेव्हा त्याला आठवावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलीला आठवावं लागत नाही, चार वर्षांची ती परवापरवापर्यंत होती.

आणि गाणी जुनीच असतात असंही नाही. पाचव्या घरी एक चाल ओळखीची वाटते. ही सिनेमाची. शब्द गुलोजीरावांचे, चाल रेडिओवरची. आज्जी कपाळावर हात मारते. पोरी दुप्पट जोरात गातात.

पुढे जायच्या आधी साठ वर्षं मागे या, 1910 च्या आसपास. पुन्हा तेच वय, पण गाव थोडं सरकवा, जळगावला उतरा. पहाटेचा अंधार आहे आणि तुम्ही आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला आहात. ती दळते आहे. इथे आवाज आधी कानात शिरत नाही, हाडांत शिरतो. जात्याची घरघर जमिनीतून, तिच्या मांडीतून तुमच्या कवटीत येते आणि तिच्यावर ओवी तरंगते. खुंट्याला एक फेरा, ओळीला एक दम. फेरा जड झाला की ओळ लांबते, दाणे संपत आले की जातं हलकं होतं आणि ओवीही पळू लागते. गाण्याची लय इथे ज्वारी ठरवते.

ओवीत मुलाला जागा असते. राघू म्हणावं, मैना म्हणावं, किंवा सरळ तुमचं नाव घालावं. आई आज तुमचं नाव घालते, दोन वर्षांनी तिथेच धाकट्याचं घालेल. ओवी तीच. लहान मुलाला स्वतःच्या नावाइतकं दुसरं काही ऐकायला आवडत नाही, आणि ओवीनं ही सोय आधीच करून ठेवली आहे.

याच गावात, चौधऱ्यांच्या घरी, असोद्याहून आलेली एक बाई दळते आहे. बहिणाबाई. 1880 चा जन्म, अक्षरओळख नाही. घरात ओंकार, सोपान, काशी ही तीन मुलं. ती गाते ते पोरांसाठी म्हणून गात नाही, शेतासाठी, बैलांसाठी, स्वतःच्या दुःखासाठी गाते. पण पोरं तिथेच लोळत असतात. पुढे सोपानदेव आणि घरातला आणखी एक मुलगा ती गाणी टिपून ठेवतील, ती 1951 मध्ये जाईल, आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघेल. शाळांमधली मुलं मग ती गाणी पाठ करतील, मार्कांसाठी. आत्ता मात्र यातलं काही ठरलेलं नाही. आत्ता एक मूल मांडीवरून पीठ चाटतंय.

मुलांसाठी वेगळं असं या काळात जवळपास काहीच नाही, हे तुमच्या लक्षात येईल. वासुदेव येतो तो दानासाठी. नंदीबैल मान हलवतो ती मोठ्यांच्या भविष्यासाठी. रायरंद सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि थट्टा करतो ती घरधन्याची. 'वही' नावाची लोकगीतं गाणारे रात्र जागवतात ती देवीपुढे. मुलांना या सगळ्याची कड मिळते, खांद्यावरून, दाराआडून, गर्दीच्या पायांमधून. पण कडही काही कमी नसते. रायरंद घरधन्याची नक्कल करत असताना हळूच तुमच्याकडे बघून डोळा मिचकावतो. त्याला माहीत आहे, सगळ्यात आधी कोण हसणार.

डिसेंबर 1936 मध्ये एक मिनिट थांबलात तरी पुरे. सावद्यामार्गे फैजपूर, बैलगाड्यांची रांग, धूळ. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू आणि चटयांतून नगर उभं करणारे नंदलाल बोस, राबणाऱ्यांत रावेर तालुक्यातल्याच खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. आणि गावोगाव हिंडून माणसं जागी करणारे साने गुरुजी. तुम्ही आजोबांच्या खांद्यावर आहात. भाषणं ऐकू येतात, कळत नाहीत, आणि तुम्हाला त्याची खंत नाही, कारण बैलांच्या घुंगरांचा आवाज पुरेसा आहे.

गुरुजींकडे मात्र नीट बघून ठेवा. 1924 पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या शाळेत होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. मुलांसाठी म्हणून मुद्दाम बसून काही करायचं, रोज करायचं, हा विचार खानदेशात त्यांच्या हातून रुजला. आणि त्याच माणसानं बायकांकडून हजारो ओव्या ऐकून 'स्त्री जीवन'मध्ये गोळा केल्या. बाळाच्या ओव्या त्यांत भरपूर आहेत. मुलांसाठी नवं लिहिणाऱ्यानं जुनं आधी मन लावून ऐकलं होतं. हे मला त्यांच्या गोष्टींइतकंच मोलाचं वाटतं, आणि गोष्टींपेक्षा कमी सांगितलं जातं.

1953 मागितलंत तर रावेर सोडून मुंबईला जावं लागेल. राम गबाल्यांचा 'देवबाप्पा' होतो आहे. गीतं माडगूळकरांची, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आणि मोराच्या गाण्याला आवाज आशा भोसल्यांचा. मुलांचं गाणं, पण एकाही मोठ्या माणसानं हात राखून काम केलेलं नाही. लहान मुलांसाठी आहे म्हणून थोडं कमी चालेल, असं इथे कुणाच्या मनात आलेलं नाही. तुमच्या धंद्यात हे वाक्य दर आठवड्याला कानावर पडतं, म्हणून इथे जरा रेंगाळा.

पण हे गाणं रावेरला पोचेल ते एका खोक्यातून. परत येऊन साठच्या दशकात गावातल्या हॉटेलापुढे उभे राहा. रेडिओ वर, फळीवर ठेवलेला आहे. तुम्ही मान वर करून ऐकता. आवाज देखणा आहे, आशाबाईंचा आहे, तुमच्या बहिणीचा नाही. तुम्ही पुढचा शब्द ओरडता, रेडिओ तुमच्यासाठी थांबत नाही. तो अर्धा ठोका उशीर करत नाही. हरकत नाही, घरी येऊन बहीण तेच गाणं बेसूर म्हणेल आणि थांबेल.

मुंबईत एका घरानं यावर अर्धा उपाय काढला. मीना खडीकरांनी बालगीतांना चाली लावल्या आणि गायला घेतली स्वतःची मुलं, योगेश आणि रचना. कधी पाडगांवकरांचं गाणं, कधी राजा मंगळवेढेकरांचं, गळा मात्र मुलाचा. त्या रेकॉर्डी ऐकताना रावेरच्या पोराला पहिल्यांदा खोक्यातून आपल्या वयाचं कुणीतरी भेटलं. मोठ्यानं बोबडं बोलून मुलाचा आव आणणं आणि खरं मूल गाणं यातला फरक मुलं पहिल्या ओळीत पकडतात. हल्लीच्या व्हिडिओंतले ते चिरके, यंत्रानं चढवलेले आवाज ऐका. मुलं त्यांनाही चालवून घेतात, हा मुलांचा मोठेपणा.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आल्यावर आणखी एक दार उघडतं. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, महाराष्ट्रात मेळघाटातल्या धारणीला. त्यामागे जुनी मेहनत होती. ताराबाई मोडक 1920 च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांकडे शिकल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे त्यांनी कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी पाड्यांतल्या अंगणांतच शाळा नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं. धुळीत बसून, दगड-पानं-बिया घेऊन, हातवारे करत गाणी. वाद्यं विकत आणायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती.

ती पद्धत जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरत रावेर तालुक्यातही आली, पार सातपुड्याच्या कुशीतल्या पालकडच्या तडवी वस्त्यांपर्यंत. तुम्ही अंगणवाडीत बसला आहात. बाई हत्तीचं गाणं घेतात, हाताची सोंड होते. तुमच्या शेजारचा मुलगा घरात वेगळी बोली बोलतो, बाईंचे निम्मे शब्द त्याच्या ओळखीचे नाहीत. पण सोंड कळते. तो सगळ्यांत मोठी सोंड करतो. शब्दांच्या आधी अंग गाण्यात शिरतं, त्याला अडवायला भाषेची भिंत फार उंच लागते.

या बाईंचं मानधन, त्यांच्या माथी मारलेली नोंदवह्यांची चळत, यावर लिहायला बसलो तर लेख भलतीकडे जाईल. एवढंच बघा की बाई हातातली वही खाली ठेवतात तेव्हाच गाणं सुरू होतं.

कॅसेटचा आणि टीव्हीचा काळ पळवत न्या, त्यात तुम्ही स्वतः मोठे झालात. आजच्या रावेरला उतरा, शेवटचं, चार वर्षांचे होऊन.

फोन तुमच्या हातात आहे. आई केळीच्या बागेतून आली आहे, तिला अर्धा तास हवा आहे, आणि तो तिला मिळू नये असं म्हणणाऱ्यानं आधी येऊन स्वयंपाक करावा. फोनमध्ये शार्क नाचतो. जानेवारी 2022 मध्ये हे गाणं यूट्यूबवर 1000 कोटी वेळा पाहिलं गेलं, तिथवर पोचलेला तो पहिला व्हिडिओ. कोरियातल्या कंपनीनं तो केला. पण त्याआधी हे गाणं अमेरिकेतल्या मुलांच्या शिबिरांत, शेकोटीभोवती हातवाऱ्यांसह म्हणायचं गाणं होतं. मोठी पोरं म्हणणार, बारकी पोरं जबडा करून दाखवणार. म्हणजे शार्कही कधीकाळी कुणाच्या तरी ताईच्या कडेवरूनच आला! त्याची मोजणी ऐका. बाळ, आई, बाबा, आजी, आजोबा, एकेक कडवं पुढे, बाकी सगळं तेच. तुमच्या देवळीतल्या गाण्याची रचना आहे ही, हुबेहूब. जगातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओत आणि गुलाबाईच्या पहिल्या गाण्यात फरक असेल तर तो ठोक्याच्या उशिराचा. शार्क वाट बघत नाही. संपला की दुसरा सुरू होतो, आणि तुम्ही जबडा करायच्या आत तिसरा.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. सल्ला योग्य आहे. पण तो वेळ मोजतो, आणि मला मोजमाप आणखी एका गोष्टीचं हवं आहे. त्या तासात मुलाला उत्तर द्यायला किती सेकंद मिळाले?

गुलाबाई अजून आहे. जळगावात भुलाबाई महोत्सव होतो, शाळांचे गट येतात, मंचावर दिवे, एकसारख्या साड्या, परीक्षक, ढोलकी-पेटीची साथ. तिथल्या मुली सुरात गातात, तुमच्या बहिणीपेक्षा कितीतरी सुरात. त्यामुळे गाणी टिकली, हे मान्य करायलाच हवं. घरोघर हिंडणाऱ्या टोळ्या विरळ झाल्या तेव्हा मंच नसता तर चालीही गेल्या असत्या. पण मंचापुढे बसलेली बारकी पोरं मात्र प्रेक्षक झाली आहेत, आणि प्रेक्षक होणं ही त्यांना न जमणारी एकमेव गोष्ट आहे. ती उठतात, खुर्च्यांखालून रांगतात, कुणाचा तरी फुगा फोडतात. आयोजक वैतागतात. तुम्ही वैतागू नका, तुम्ही आज त्यांच्यातले आहात.

आता मोठे व्हा. लॅपटॉप उघडा. रावेरच्या भाजीबाजारातल्या भेंडीवरचं तुमचं ते गाणं काढा, सशासकट. ससा ठेवा, सशाचा काही दोष नाही. कडवी चारऐवजी सहा करा आणि सहाही एकाच साच्याची करा. आवाज भाचीचा घ्या, ती नऊ वर्षांची आहे, तिचा 'ळ' 'य'कडे झुकतो, तो तसाच राहू द्या. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी चार मात्रा सोडा, ओवीतल्यासारखं मुलानं आपलं नाव घालावं म्हणून.

ध्वनिमुद्रण करणारा पोरगा लगेच हेडफोन काढतो. "इथं आवाज गेलाय."

"गेला नाही. सोडलाय."

"सर, रिकामं ऐकू येतंय. लोक पुढं ढकलतील. एखादी बासरी टाकू? घंटी?" त्याचंही चूक नाही. त्याला आकडे दिसतात, कुठल्या सेकंदाला किती जण निघून गेले ते. अर्धा तास घासाघीस होते. शेवटी तह असा की चार मात्रांत फक्त टिपरी वाजेल, बारीक, म्हणजे ताल सुटणार नाही आणि फोन बिघडला असं कुणाला वाटणार नाही.

संध्याकाळी गल्लीतली चार-पाच पोरं गोळा करून, फोन पाटावर उभा करून लावून बघता. पहिल्या रिकाम्या जागेत कुणीच काही बोलत नाही, सगळी फोनकडे बघत राहतात. दुसऱ्याही. तिसऱ्या वेळी भाची, जी मागे उभी आहे आणि जिला गाणं पाठ आहे, तिला राहवत नाही. ती एकीच्या पाठीत बोट खुपसते आणि कानात काहीतरी सांगते. चौथ्या कडव्याला ती पोरगी स्वतःचं नाव ओरडते. लगेच शेजारची तिच्यावर खेकसते, नंबर तिचा होता म्हणे. पाचव्याला दोघींची नावं एकदमच पडतात, सहावं कुणाला ऐकूच येत नाही, आणि "मले पयले! मले पयले!" करत एक पाटावर चढते.

"पुन्हा लाव मामा," भाची म्हणते, "पन या खेपेले मी सांगीन तव्हाच."